पाठ मोकळी होते तेवढा वेळ

मी आठवड्यातून दोन-तीनदा सॉनात जाऊन बसतो, असं सांगितलं की लोक आधी हसतात. त्यांचं काही चूक नाही. मे महिन्यात जिथं डांबर चपलेला चिकटतं, माणसं खिशात कांदा घालून घराबाहेर पडतात, त्या नागपुरात कोणी मुद्दाम गरम खोलीत घाम काढायला जातो म्हटल्यावर त्याच्या डोक्यावर परिणाम झालाय असंच वाटणार. डोकं ठीक आहे माझं. बिघडली ती पाठ.

ज्यांची पाठ सकाळी उठताना लाकडाच्या फळीसारखी असते आणि दुपारपर्यंत आपोआप सुटते, त्यांच्यासाठी हे लिहितोय. त्यांच्या घरातल्यांनी वाचलं तर जास्तच बरं. औषधांची नावं मी लिहिणार नाही, ती डॉक्टरला विचारा. पण उबेनं काय मिळतं आणि ते कुठं संपतं, हे मला अंगानं ठाऊक आहे. हकिगत आनंदाची नाही, हेही सुरुवातीलाच सांगून ठेवतो. उगीच कोणाची फसगत नको.

भट्टीसमोर

हिंगण्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात मी फोर्जिंगला होतो. लोखंडाचे ठोकळे भट्टीत लाल करायचे, चिमट्यानं धरून हॅमरखाली द्यायचे, असं काम. तिशीपासूनच सकाळी उठणं म्हणजे शिक्षा होती. आधी कुशीवर व्हायचं, मग कोपरावर, मग पलंगाची कड धरून उभं. खाली वाकताच यायचं नाही, म्हणून मोजे माझी बायको, सुनंदा, घालून द्यायची. कंपनीची बस कॉलनीच्या तोंडाशी भोंगा वाजवत असायची आणि ही दाराजवळ खाली बसून माझ्या पायात मोजे चढवायची. मुलीला शाळेत सोडल्यासारखं वाटतं, असं ती म्हणायची. मी ओरडायचो तिच्यावर. लाज वाटली की मला राग येतो, ही माझी जुनी खोड आहे.

पण भट्टीसमोर थोडा वेळ उभं राहिलं की अंग सुटायचं. पाठ, बरगड्या, माकडहाड, सगळं हळूहळू सैल व्हायचं. दुपारी मी पोरांबरोबर हसत-खेळत डबा खायचो. याचा मी काय अर्थ काढला असेल? घरी बसलं की आखडतं आणि कामावर गेलं की सुटतं, म्हणजे आपण हाडाचे कामकरी. मला त्याचा अभिमान होता.

मग बढती मिळाली. भट्टीवरून क्वालिटीत. काचेची केबिन, एसी, टेबलावर मोजमापाची उपकरणं आणि बसायला खुर्ची. घरी संत्रा बर्फी आली. आणि त्या गार केबिनीत काही महिन्यांतच माझं लाकूड झालं. दुपारी सुटणारी पाठ दिवसभर सुटेना. खाली पडलेला पेन उचलायला मी शिपायाला बोलवायला लागलो. जुने सोबती म्हणायचे, साहेब झाला तं कंबरही वाकत नाई गा तुही. मीही त्यांच्याबरोबर हसायचो.

घरात त्याला नाव आधीच तयार होतं. माझे वडील सावनेरकडच्या कोळशाच्या खाणीत होते. आमच्या मोहल्ल्यात निम्म्या घरांत कोणाची ना कोणाची कंबर गेलेली. त्याला ‘खाणीची कंबर’ म्हणायचे. खाणीची कंबर घेऊन कोणी डॉक्टरकडं जात नसे. ती कामाची खूणच होती, शिपायाच्या बिल्ल्यासारखी. वीट तापवायची, फडक्यात गुंडाळायची, पाठीखाली ठेवायची आणि दुसऱ्या दिवशी पाळीला जायचं. माझं दुखणं पाहून आई म्हणाली, “तुह्या बापाची कंबर खानीनं खाल्ली, तुही भट्टीनं.” विषय संपला. दुखणं कष्टानंच येतं, आणि कष्टानं आलेलं दुखणं अंगावर काढायचं असतं, असं आमच्या घरानं कधी न शिकवता शिकवलं होतं.

तरी एका हाडाच्या डॉक्टरकडं गेलो. त्यांनी मणका सरकल्याचं सांगून पट्टा दिला आणि अंथरुणात पडून आराम करायला सांगितलं. आरामानं मी आणखी आखडलो. आजार म्हशीला आणि इंजेक्शन पखालीला, असं बराच काळ चाललं.

डोळा दाखवायला गेलो आणि

निदान पाठीच्या डॉक्टरनं केलं नाही. डोळ्याच्या डॉक्टरनं केलं. एकदा डावा डोळा टोमॅटोसारखा लाल झाला. उजेड सहन होईना. भट्टी सोडून इतका काळ झालेला, तरी मला वाटलं जुनी ठिणगी असेल. डोळ्याच्या डॉक्टरनं यंत्रातून पाहिलं, खुर्ची मागे घेतली आणि विचारलं, सकाळी पाठ आखडते का? मला वाटलं, चुकून दुसऱ्याचा केसपेपर हाती घेतलाय. म्हणालो, साहेब, मी डोळ्यासाठी आलोय. ते म्हणाले, ते कळलं, पण पाठ आखडते का?

त्यांनी एका सांधेवाताच्या डॉक्टर बाईंकडं पाठवलं. सुनंदा सोबत होती. बाईंनी एक्स-रे उजेडाच्या पाटीवर लावला. माकडहाडाजवळचे दोन सांधे जिथं फटीसारखे दिसायला हवेत, तिथं काही दिसतच नव्हतं. ते जुळून गेले होते. वरचे मणकेही एकमेकांना जोडत चालले होते. अशा पाठीला बांबूसारखी पाठ म्हणतात, असं बाई म्हणाल्या. आजाराचं नाव अँकिलोझिंग स्पॉन्डिलायटिस. मला ते तीनदा विचारावं लागलं. ज्या प्रतिकारशक्तीनं शरीराचं रक्षण करायचं तीच शरीराला खाते आणि सुजलेल्या जागी हाड धरतं. डोळ्याची सूजही त्यातलीच. भट्टीचा, खाणीचा, वजन उचलण्याचा त्याच्याशी संबंध नाही.

मग त्यांनी विचारलं, घरात आणखी कोणाला पाठीचा त्रास?

मी म्हणालो, बाबांना होता, पण ते खाणीत होते. बाईंनी लिहिणं थांबवलं. मान कशी वळवायचे ते, असं विचारलं. मला शब्दांत सांगता येईना, म्हणून मी उठून करून दाखवलं. कोणी मागून हाक मारली की बाबा मान वळवत नसत. पाय उचलून, खांद्यासकट, अख्खे वळत. मी तसा वळलो. वळून झाल्यावर समोर सुनंदाचा चेहरा होता, आणि तिच्या चेहऱ्यावरून मला समजलं की मी काही नक्कल करत नव्हतो. मी रोज असाच वळत होतो.

बाई म्हणाल्या, बसा.

त्या पुढं म्हणाल्या की हा आजार काही घरांत रक्तातून पुढं जाऊ शकतो. सगळ्यांना होतो असं मुळीच नाही. पण मुलांपैकी कोणाची पाठ सकाळी आखडू लागली तर वाट पाहू नका, घेऊन या. आम्हाला एकच मुलगी, प्रज्ञा. तेव्हा ती अकरावीत होती आणि कॉलेजच्या संघातून कबड्डी खेळत होती. 

बाबा

बाबांना मोहल्ल्यात ‘अकडू’ म्हणायचे. पौर्णिमेला विहारात सगळे गुडघे टेकून जमिनीला कपाळ लावायचे, बाबा हात जोडून ताठ उभे. मुकादम झाला तं बुद्धापुढंही वाकत नाई, असं लोक बोलायचे. आम्हा भावंडांनाही ते खरंच वाटायचं. आमचा बाप कोणापुढं वाकत नाही याची लहानपणी फुशारकी होती, आणि मोठे झाल्यावर त्याचीच चीड यायला लागली. ते कधी खाली बसून आमच्याशी खेळले नाहीत. उन्हाळ्यातसुद्धा दुपारी तापलेल्या भिंतीला पाठ लावून बसायचे आणि जवळ गेलं की खेकसायचे. आम्ही लांबच राहिलो. ते गेले तेव्हा मी रडलो, पण फार नाही. आता ते आठवलं की मला माझीच शरम वाटते. माणूस माजोरी नव्हता, त्याला वाकता येत नव्हतं, आणि त्याला स्वतःलाही त्याचं कारण कधी कळलं नाही.

आईला सगळं सांगितलं. ती भाजी निवडत होती. तिनं एक देठ मोडलं. मग म्हणाली, “मी त्याईले किती खेपा म्हटलं, जरासे वाकत जा जी, लोक नावं ठेवतात.” आणि तिनं निवडलेली भाजी आणि देठं एकाच सुपात टाकली.

सलाईनची खुर्ची

इंजेक्शनं सुरू झाली. त्याआधी छातीचा फोटो, रक्त, क्षयाची तपासणी, कारण ही औषधं शरीराची राखणच कमी करतात आणि झोपलेला क्षय जागा होऊ शकतो. दवाखान्यातल्या डे-केअरच्या लांबट खोलीत खुर्च्यांची रांग. दंडाला पट्टा, सुई, आणि मग नळीतून थेंब थेंब पडताना पाहत बसायचं. तिथं कोणी कोणाशी फार बोलत नाही. एक बाई दर खेपेला घरून स्वेटर विणायला आणायच्या आणि बोटं सुजलेली असल्यामुळं दोन ओळी विणून ठेवून द्यायच्या. तो स्वेटर पुरा झाला की नाही, मला माहीत नाही.

घरचा ताण मी विसरणार नाही. मी कामावरून येऊन भिंतीकडं तोंड करून पडायचो. सुनंदानं काही विचारलं तर उत्तर नाही, आणि नाही विचारलं तर तुला माझी पर्वा नाही. एकदा ती म्हणाली, दुखणं तुमाले आहे, पण शिक्षा साऱ्या घराले काहून? मला तिचं म्हणणं पटलं होतं. तसं मी तिला सांगितलं नाही.

नागपुरात पैसे देऊन घाम

पहिला हिवाळा आला. नागपूरची थंडी बाहेरच्यांना खोटी वाटते, पण डिसेंबरातली पहाट हाडात शिरते. व्यायाम शिकवणारी फिजिओथेरपिस्ट मुलगी म्हणाली, तुमचं अंग गरम केल्याशिवाय व्यायामाला दाद देत नाही, तुमच्या घराजवळच्या जिममध्ये सॉना आहे, डॉक्टरांना विचारून तो करून पाहा. डॉक्टर बाईंनी रक्तदाब, हृदय तपासलं आणि होकार दिला. बर्डीच्या बाजारातून एक हाफ पँट आणि दोन जाड टॉवेल आणले. सुनंदा म्हणाली, भट्टी फुकटात होती तं साहेब झाले, आता पैसे देऊन भट्टीत बसा. निदानानंतर ती पहिल्यांदाच माझी चेष्टा करत होती. मला बरं वाटलं.

सॉना म्हणजे वाफारा नव्हे. लाकडी खोली, आत पायऱ्यांसारखी बाकं, कोपऱ्यात विजेच्या शेगडीवर तापलेले दगड. हवा कोरडी. आत शिरलो आणि लाकडाचा, तापलेल्या दगडांचा वास नाकात गेला. पहिल्यांदा घाबरलो. नाकपुड्या भाजल्यासारख्या झाल्या. मग कधीतरी घाम फुटला आणि पाठीत कुठंतरी खोल, माकडहाडाजवळ, काहीतरी सुटलं. भट्टी सुटल्यापासून ती जागा मला फक्त दुखण्यापुरती जाणवत होती. तिथं आता दुखत नव्हतं. मी भिंतीकडं तोंड केलं, कारण मला रडू येत होतं आणि खोलीत आणखी माणसं होती. घामात ते लपलं.

बाहेर येऊन अंग निवू दिलं, पाणी प्यायलो, बाकावर बसलो आणि वाकून स्वतःचे मोजे स्वतः घातले. घरी जाऊन सुनंदाला दाखवायला ते काढले आणि पुन्हा घातले. तिनं पाहिलं, हं म्हणाली आणि स्वयंपाकघरात गेली. 

तर उपयोग होतो. न वाढवता, न घटवता सांगतो. आखडलेपणा काही तास उतरतो. त्या तासांत केलेला व्यायाम अंगी लागतो. सॉनाच्या दिवशी मला झोप बरी लागते, आणि झोप लागली की घरच्यांवर ओरडणं कमी होतं. आत मोबाइल नेता येत नाही, म्हणून माणसं एकमेकांशी बोलतात किंवा गप्प बसतात, दोन्ही चांगलं. मन हलकं होतं. एवढंच. पण ज्याचा सगळा दिवस दुखण्याचा आहे, त्याला एवढंही फार असतं.

आता दुसरी बाजू. तिथं बोकारे काका म्हणून एक निवृत्त मुख्याध्यापक येतात. त्यांच्या मते सॉनानं मधुमेहापासून म्हातारपणापर्यंत सगळं जातं. त्यांनी मला प्रेमानं सल्ला दिला की सुया बंद करा, घामावाटे सगळं निघून जाईल. माणूस चांगला, मनात काही वाईट नाही, पण अशा चांगल्या माणसांमुळंच आजारी माणसांचं वाटोळं होतं. मी मोहात पडलो होतो, खोटं का सांगू? डॉक्टर बाईंना विचारलं. त्या म्हणाल्या, “शेक तुम्हाला आजचा दिवस देतो. तुमची पुढची वर्षं इंजेक्शन राखतं. दोन्ही घ्या, पण एकाच्या जागी दुसरं घेऊ नका.” घाम काढल्यानं मणके जुळायचे थांबत नाहीत, हे त्यांनी मला एक्स-रे पुन्हा लावून दाखवलं.

आणि एक मूर्खपणा खास आम्हा नागपूरकरांचा. उन्हाची आम्हाला फुशारकी. आत कोण जास्त वेळ बसतो याची पैज लागते, आणि नागपूरचा माणूस गर्मीले भेत नाही असं म्हणत कोणी उठत नाही. ऐन मे महिन्यात, बाहेर आग ओकत असताना, पुरेसं पाणी न पिता मी असाच बसलो आणि बाहेर येताना दारातच कोसळलो. बोकारे काकांनीच माझे पाय वर धरले. उन्हाची सवय अंगाला असली तरी अंगातलं पाणी संपतंच. थोडा वेळ बसा, गरगरलं की उठा, उन्हाळ्यात जाऊच नका. मी आता होळीनंतर बंद ठेवतो.

प्रज्ञाची कंबर

प्रज्ञाचं काय झालं ते आधीच सांगून टाकतो, म्हणजे कोणाचा जीव टांगणीला नको. तिलाही हाच आजार आहे. लवकर कळला. एमआरआयमध्ये सूज दिसली, सांधे जुळलेले नाहीत. डॉक्टर बाईंना आशा आहे. आम्ही ती उसनी घेतली आहे. या मोसमात ती खेळली नाही. कधीकधी आम्ही दोघं डे-केअरमध्ये शेजारच्या खुर्च्यांवर असतो आणि ती माझ्या सलाईनकडं बघून म्हणते, पप्पा, तुमचं लवकर संपते बाप्पा. बापानं आपल्या पोरीला घर द्यावं, शिक्षण द्यावं. मी तिला हे दिलं. डॉक्टर बाई म्हणतात, असा विचार करू नका. मी करतो.

तर ते कसं कळलं. ती बारावी होऊन कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होती. एका सकाळी मी तिला भिंत धरून न्हाणीघराकडं जाताना पाहिलं. विचारलं तर म्हणाली, काल पकडीत आपटली. सुनंदानं बाम चोळला. माझी आई म्हणाली, “खेळून खेळून पोरीची कंबर मोडते पाहा.” मी तिथंच उभा होतो. आधी खाण, मग भट्टी, आता कबड्डी. आमच्या घराला पुन्हा एक कष्टाचं कारण सापडलं होतं.

आजारपणात एक गोष्ट मी शिकलो होतो. आपटल्याचं दुखणं आराम केला की कमी होतं, आणि आमचं दुखणं आराम केला की वाढतं. मी पोरीवर पाळत ठेवली. सुट्टीच्या दिवशी उशिरापर्यंत झोपली की तिचं चालणं वाईट असायचं. संध्याकाळी मैदानावर लंगडत जायची आणि खेळून सरळ चालत यायची. हातच्या काकणाला आरसा लागत नाही. तरी मी आठवडेच्या आठवडे तोंड उघडलं नाही. मीच एवढा भोगलेला, डॉक्टरनं वाट पाहू नका म्हणून सांगितलेला, आणि मला बोलायचं धैर्य नव्हतं. बोललो नाही तर ते खरं होणार नाही, असं काहीतरी मनात होतं.

शेवटी सुनंदापाशी बोललो. ती भडकली. “तुमाले जिकडं तिकडं तेच दिसते,” ती म्हणाली. “तिले काई नाई झालं. पोरीच्या नावाले हे चिकटवू नका.” मी म्हणालो, मी कोण चिकटवणार? ती म्हणाली, मंग कोन? मग आम्ही दोघंही एकमेकांना बोलू नये ते बोललो. तिच्या माहेरापासून माझ्या बापापर्यंत सगळं निघालं. पलीकडच्या खोलीत प्रज्ञा होती. तिनं सगळं ऐकलं असणार. आमच्या घरात भिंती कसल्या, पडदेच आहेत ते.

 मग एका शनिवारी मी टॉवेल घडी करत असताना प्रज्ञा दारात येऊन उभी राहिली. म्हणाली, “पप्पा, मलेही घेऊन चला न तुमच्या त्या गरम खोलीत.” मी काही बोलायच्या आधीच म्हणाली की मोबाइलवर वाचलंय तिनं, सगळं वाचलंय. नजर माझ्या हातातल्या टॉवेलवर होती. माझ्या घडीचं टोक टोकाला लागेना. म्हणालो, चल.

रविवारी सकाळी सॉना बायकांसाठी असतो. नवीन माणसानं एकटं बसायचं नाही असा तिथला नियम आहे, म्हणून सुनंदा सोबत आली. यायला तयार नव्हती. वाटेत म्हणाली, पाहतेच एकदा तिथं काय तमाशा आहे तो. मग दोघी आत गेल्या आणि मी बाहेर चपलांच्या फळीजवळच्या बाकावर बसलो.

त्या खोलीनं मला काय काय दिलं ते वर लिहिलंच आहे. पण त्या दिवशी पहिल्यांदा मला वाटत होतं की तिचा काही उपयोग होऊ नये. पोरीनं घामाघूम होऊन बाहेर यावं, तोंड वाकडं करावं, काही फरक नाई पप्पा म्हणावं, आणि आम्ही तिला हाडाच्या डॉक्टरकडं नेऊन एखादा साधा पट्टा घेऊन घरी यावं. शेकानं कोणालाही बरं वाटतं, तो काही पुरावा नाही, हे मला माहीत होतं. तरी मी बाकावर हात जोडून बसलो होतो. जिमचा माणूस दोनदा विचारून गेला, काका, बरं वाटून नाही राहिलं का?

दार उघडलं. प्रज्ञा बाहेर आली. तोंड लालबुंद, केस कपाळाला चिकटलेले. फळीच्या सगळ्यात खालच्या खणात तिचे बूट होते. कशाला न धरता ती वाकली, कमरेतून, लहानपणी वाकायची तशी, आणि बूट हातात घेऊनही सरळ झाली नाही. तशीच वाकलेली डोलत राहिली, हात खाली सोडून. वाकता येतंय म्हणून वाकत होती. उभी राहिली तेव्हा हसत होती. किती दिवसांनी मोकळं वाटून राहिलं, म्हणाली. मी मान हलवली.

मग तिचं हसू हळूहळू गेलं. ती माझ्याकडं पाहत होती.

“पप्पा,” ती म्हणाली, “तुमालेही पहिल्या दिवशी असंच वाटलं होतं का?”

“हो,” मी म्हणालो.

ती माझ्याशेजारी बाकावर बसली. सुनंदा दारात उभी होती. तिनं टॉवेलनं तोंड पुसलं, पुन्हा पुसलं, आणि मग टॉवेल खाली घेऊन मला म्हणाली, “डॉक्टरीनबाईले फोन लावा.” आज रविवार आहे, मी म्हणालो. “लावा,” ती म्हणाली.